सात चिलाप्या

— नाही हो साहेब, त्या जाळ्यावर नका बसू, ओलं आहे. खाटेवर या. हां. तर पितांबरभाऊनं तळ्यात ठेक्यात मनाई असलेली चिलापी सोडली, अशी तक्रार तुमच्या मासळी खात्याकडे कुणी केली? ठेका त्याचा, रोहू-कटल्याच्या बोटभर पिल्लांचं बी त्यानंच टाकलं — आणि तोच चिलापी सोडेल? आपल्याच ताटात माती कोण कालवतं? मी इथला राखणदार, मला नाही का माहीत? हे बघा, आत्ताच्या जाळ्यातलं. ही चिलापी, पोट टम्म. आणि हा रोहू — दीड वर्षाचा आहे, वीतभरही नाही, नुसतं डोकं वाढलंय. तळं तेवढंच, शेवाळ तेवढंच, खाणारी तोंडं मात्र रोज नवी. चिलापी त्याला चावत नाही हो, फक्त त्याच्याआधी जेवून घेते. पिल्लं तोंडात सांभाळते, तोंड उघडलं की शंभर बाहेर. सातच होत्या, सातांनी तळं भरलं —

काय? सात कुठून काढल्या? अंदाज, साहेब. पाच असतील, दहा असतील. लिहू नका ना ते! अक्कलकुव्याच्या बाजारात टबात जिवंत मिळतात, कुणीही आणेल. आमच्यात — म्हणजे कुणाकुणात — मन्नत असते. पोरगं तापानं फणफणलेलं, डॉक्टरनं हात टेकलेले, त्याची आई सकीना म्हणते, सात जीव पाण्यात सोडा, माझा एक वाचू दे. तेव्हा माणूस मासळीची जात विचारत बसतो का? तिसऱ्या दिवशी वसीमनं उठून भाकर मागितली, साहेब!

...हो. माझाच पोरगा.

उजाडल्यापासून काढतोय मी त्यांना. टोपलीभर काढल्या की दोन टोपल्या होतात. सांगावं तर माझी राखण जाते, पोट जातं. गप्प बसावं तर त्याचा ठेका जातो. आणि तो? सकाळीच म्हणाला, "सत्तारभाई, तू शेस ना साक्षीले, मंग माले भेव कसानं?" मी साक्षीला आहे म्हणून त्याला भीती नाही! जीव नको झालाय मला.

पेन ठेवा. — नाही, लिहाच माझं नाव... थांबा. तो बघा, बांधावरून येतोय. चहा आणलाय त्यानं. तीन पेले आहेत, माझाही धरलाय.

गप्प बसा आता, साहेब. आधी त्याला चहा पिऊ द्या.