थंड ॲम्प्लिफायर

मुलगी : बंद का केलंत बाबा? गाणं अजून अर्धंसुद्धा झालं नव्हतं.

बाबा : इकडे ये. माझ्या ॲम्प्लिफायरवर हात ठेव. कसा लागतोय?

मुलगी : थंड. म्हणजे, कोमट. चांगलंच आहे की.

दुकानदार : चांगलंच आहे. आता दुकानातली ही खोली आवरू द्या मला. दुपारी खरेदीदार येतायत. पोरीचे स्पीकर त्यांना पसंत पडले तर तिचा कारखाना उभा राहील, आणि तू हात कसले लावत बसलायस?

बाबा : तू गप रे. तुला काय, विकायचं म्हटल्यावर डबा गरम काय नि थंड काय. पोरी, तूच म्हणाली होतीस ना, हे स्पीकर हट्टी आहेत म्हणून? खालच्या सुरांना यांचा रोध दोन ओमपर्यंत उतरतो, मग भसाभस करंट ओढतात. मग एवढा करंट देऊन माझा डबा गार कसा?

मुलगी : तुम्ही बनवलाय म्हणून.

बाबा : मस्का नको लावूस. परवा तुझ्या वर्कशॉपात ऐकले तेव्हा खालचा सूर कसा नेटका होता, तारेवर बोट पडलेलं कळत होतं. आज नुसतं घुमतंय. काय केलंस?

मुलगी : काही नाही.

बाबा : स्पीकरची मागची फळी उघडू?

मुलगी : नको. वूफरच्या वाटेत रेझिस्टर घातलाय. दोन्ही स्पीकरांत.

दुकानदार : मला कळेल असं सांग बाई.

मुलगी : काका, स्पीकर मागतो तेवढा करंट रेझिस्टर त्याला ओढू देत नाही, म्हणून खालचा सूर घुमतो. बाबांच्या ॲम्प्लिफायरवरचं ओझं कमी होतं. नाहीतर आवाज वाढवला की बाबांचा ॲम्प्लिफायर बंदच पडायचा. बाबा घरी नसताना करून पाहिलं मी.

बाबा : आणि मला सांगितलं नाहीस.

मुलगी : कुठल्या तोंडानं सांगणार? सोल्डरिंग तुम्ही शिकवलंत. पहिली जोडी बाबांच्याच ॲम्प्लिफायरवर वाजणार, असं मी गावभर सांगत सुटले होते. आज येणाऱ्यांनासुद्धा.

दुकानदार : मग राहू दे की तसंच. त्यांना कुठं फरक कळणार आहे?

बाबा : मला कळला. तुला कळतोय ना गं?

मुलगी : पहिल्या सुरापासून.

बाबा : वाईट वाटलं मला. खोटं कशाला बोलू? आयुष्यभर मिशीला पीळ देत सांगत आलो, माझ्या डब्याला पेलणार नाही असा स्पीकर आणून दाखवा म्हणून.

दुकानदार : माझंच डोकं खाल्लंस की तेव्हा.

बाबा : आता तुझी पाठ मोडतो. बाहेरच्या काचेतला तो दोघांनी उचलायचा ॲम्प्लिफायर आत घे. पोरी, रेझिस्टर काढ.

दुकानदार : तो? त्याला तर तू शेगडी म्हणतोस.

बाबा : शेगडीच आहे. पण दोन ओमवर दमत नाही, हेही खरं. चल, धर एका बाजूनं.

मुलगी : बाबा, राहू द्या. तुमच्याशिवाय मला नाही वाजवायचे.

बाबा : मी इथंच उभा आहे की. माझा डबा घरच्या स्पीकरांवर वाजेल, तिथं तो राजा आहे. तुझ्या स्पीकरांना त्याच्यासाठी मान खाली घालायला लावलीस, याचा मला राग आलाय. दुसऱ्या कशाचा नाही.

(ॲम्प्लिफायर बदलून झाला आहे. तेच गाणं पुन्हा सुरू होतं, आणि या वेळी शेवटपर्यंत वाजतं.)

दुकानदार : अरे बापरे. हे तेच गाणं?

मुलगी : बाबा, कसं वाटलं?

बाबा : असा आवाज माझ्या हातून कधी निघाला नाही.

दुकानदार : आले बघ ते, गाडी लागली खाली. आता तुझ्या ॲम्प्लिफायरचं विचारतील. नादुरुस्त झालाय म्हणून सांगू?

बाबा : अजिबात नाही. मुलीच्या स्पीकरांना बापाचा ॲम्प्लिफायर पुरला नाही. आणि हे मी सांगणार आहे, तुम्ही दोघं मध्ये बोलू नका.