पहिला नकार

लातूरच्या बसस्टँडवर जाहिदा देगलूरच्या गाडीसाठी रांगेत उभी होती. तिच्या पुढं एक नवरा-बायको होते, अन् नवऱ्याचा पारा असा चढला होता की सगळी रांग कान देऊन ऐकत होती.

“अमेरिकेतलं इटालियन हॉटेल म्हणे, अन् ते इथं लातुरात! गावोगाव शाखा, अन् रीत काडीची न्हाई!”

“अहो, हळू. पोरीनं हौसेनं नेलं होतं.”

“पोरीला कुठं बोललो? त्या वाढप्याला बोलून राहिलो. पाव पाहिजे तेवढा घ्या म्हणाला. मी आपलं नको म्हणलो, तर टोपली उचलून चालता झाला!”

“तुम्हीच नको म्हणलात की.”

“अगं, पहिल्यांदा हो कोण म्हणतं? खाणाऱ्यानं नको म्हणावं, वाढणाऱ्यानं आग्रह करावा. आपल्या देगलुरात सोयऱ्याला असं अर्धपोटी उठवलं तर तोंड दाखवता येईल का?”

“त्याला काय ठाऊक आपली रीत?”

“भूक ओळखायला रीत कशाला लागती? एकदा विचारलं अन् मोकळा झाला!”



“आपली मृण्मयी लई वाळली हो. डॉक्टरकीच्या त्या क्लासनं पार पिळून काढलंय तिला.”

“हाव. म्हणून तर म्हणलो, चार दिवस हॉस्टेल सोड, घरी चल.”

“नको म्हणाली.”

“म्हणाली खरं.”

“अन् आपण पिशवी उचलून चालते झालो.”

तेवढ्यात गाडी लागली. रांग हलली, पण पुढची दोघं जागची हलेनात.

“भाऊ, चढा की,” जाहिदा म्हणाली.

पण नवरा रांगेतून बाहेर पडला होता.

“ए रिक्षा! पोरींच्या हॉस्टेलकडं घे!”