कपाळाचं नाक

…नाही, पण मी म्हणतो, सांगणाऱ्याने जरा तरी विचार करावा की नाही? म्हणे, "तीन आठवडे नाकाला काही म्हणता काही लागू द्यायचं नाही, हाजी!" अहो डॉक्टरीणबाई, तुम्ही कैरोच्या! तुमच्याकडे गालाला गाल लावला, चटकन मुका घेतला, की झाले मोकळे! मी राहतो रम्सला, आखाताच्या किनाऱ्यावर. इथे माणूस दिसला की आधी नाकाला नाक, मग सलाम, मग ख्यालीखुशाली, मग बाकीचं जग! पहाटेच्या नमाजाहून घरी पोचेपर्यंत सतरा नाकं लागून गेलेली असतात या नाकाला, आणि ही बाई म्हणते तीन आठवडे! आमच्या गावात! नाकाला नाक न लावता!

बरं, झालं होतं काय, तर एवढंसं! मसुराएवढा फोड, नाकाच्या शेंड्यावर. आता तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं नाखवा म्हणून समुद्रावर काढली, वरून ऊन, खालून पाण्यावरचं ऊन, आणि या दोन उन्हांत सगळ्यांच्या पुढे कोण? तर नाक! फोड आला, खपली धरली, खपली पडली, पुन्हा आला. मी म्हटलं येतोय तर येऊ दे. पण आमची मौझा, बायको हो माझी, ती ऐकते होय? "बू हारिब," पोरगा हारिब, म्हणून मी बू हारिब, "दोन वर्षं झाली, दाखवा जरा." दाखवा जरा, दाखवा जरा… शेवटी तिचं तोंड बंद करायला शहरातल्या इस्पितळात गेलो, तर ती डॉक्टर नशवा भिंगातून बघते आणि हसत हसत सांगते, "कॅन्सर आहे, हाजी." हसत हसत! म्हणे, "घाबरू नका, हा आळशी जातीचा आहे. कुठे जात नाही, बसल्या जागी खातो." म्हटलं, असे चार जण रोज माझ्या बाहेरच्या बैठकीत, मजलिसीत, बसतात.

"काढून टाकू," म्हणाली. म्हटलं काढा. "पण तिथे खड्डा पडेल, दिरहमच्या नाण्याएवढा. बुजवायला कातडी लागेल." मी लगेच उदार झालो. म्हटलं, मांडीची घ्या, हवी तेवढी घ्या, कोण बघतंय! तर पुन्हा हसली. "मांडीची लावली तर ठिगळ दिसेल, हाजी. पातळ, फिकट. नाकाला शेजारचीच कातडी हवी, तुमच्याबरोबर तेच ऊन खाल्लेली. आणि ती सबंध कापून घ्यायची नाही बरं का, एक टोक मुळाशी जोडलेलं ठेवायचं म्हणजे त्यातून रक्त येत राहतं, आणि दुसरं टोक वळवून खड्ड्यावर बसवायचं. सोपं आहे!" या बाईला सगळं सोपं असतं. माणसाचा चेहरा उसवणंसुद्धा सोपं!

आता नाकाला शेजारी किती? एक गाल, एक कपाळ. म्हटलं गालाची घ्या, गाल भरपूर आहेत. "घेते की," म्हणाली, "पण तुमच्या गालाला दाढी आहे. मग ती नाकावर उगवेल." …ऐकताय ना? नाकावर दाढी! रोज सकाळी उठून नाक भादरायचं! म्हटलं बाई, कपाळ घ्या, दोन्ही हातांनी घ्या!

आणि कसं करतात माहितीये? झोपवत नाहीत हो, नुसतं तेवढं सुन्न करतात, बाकी मी टक्क जागा! टाक्यांच्या दोऱ्याची चंदेरी पुडी घेतली, नाकावरच्या खड्ड्यात दाबली, कात्रीने तेवढीच कापली, उलटी करून माझ्या कपाळावर ठेवली आणि भोवतीने निळ्या पेनने रेघ मारली. मौझा नातवाचा पायघोळ कंदुरा बेतते ना, अगदी तस्सं! मग काय काय केलं ते तिचं तिला ठाऊक, आणि वर टाके घालता घालता नर्सला विचारतेय, "जेवायला काय आहे गं आज?"

चौथ्या दिवशी पट्टी सोडून आरसा दिला. बघतो तर काय… डाव्या भुवईपासून निघालेली, बोटाएवढी जाड मांसाची वळकटी, दोन डोळ्यांच्या मधून खाली येऊन नाकाच्या शेंड्याला चिकटलेली! सोंड, हो! सरळ सरळ सोंड! म्हटलं, "हे काय?" "तो पूल आहे, हाजी. त्यातून रक्त खाली उतरतंय. तीन आठवड्यांत नवी कातडी खालून स्वतःचं रक्त जोडून घेईल, मग पूल कापून टाकू. तोवर धक्का नाही, दाब नाही, कुणाचं नाक नाही! रक्त अडलं तर कातडी काळी पडून मरेल." म्हटलं, "आणि मग?" तर गालाकडे बघून म्हणते, "मग काय, दुसरा शेजारी!"

म्हणजे बघा! एक धक्का, आणि नाकावर दाढी जन्मभराची! आणि तीन आठवडे, आमच्या गावात, नाकाला नाक न लावता!

मौझा म्हणाली, "सांगून टाका ना लोकांना सरळ." काय सांगू? खल्फान नाखव्याला सोंड फुटली? अगं हे रम्स आहे! इथे एकाच्या आजोबांना ईदच्या दिवशी बकरीने पाडलं होतं, तर नातवाला अजून बकरीवाला म्हणतात, आणि नातू न्यायाधीश झालाय! नाही म्हणजे नाही. मी डोक्याचा रुमाल, गुत्रा, असा सैल गुंडाळला, वरून भुवईपर्यंत, खालून गालापर्यंत, उजवा डोळा तेवढा बाहेर, आणि गावाला सांगितलं, सर्दी झालीय.

घरात दडून बसावं म्हणाल, तर मजलिस माझी! दार बंद दिसलं तर लोक जनाजा केव्हा उचलायचा विचारायला येतील. तेव्हा बसलो एका डोळ्यानिशी. "सर्दी आहे, लांब राहा, लागेल तुम्हाला." तर आमचे लोक! "अरे, सर्दीला भ्यायला आम्ही काय दुबईचे आहोत?" असं म्हणत नाक पुढे करून अंगावर! मग काय करतो, कोणी वाकला की मी चप्पल शोधायला खाली. कोणी उजवीकडून आला की मी शिंकायचं सोंग काढतो. कोणी नाकासमोर आला की मी कॉफीचा पेला आडवा धरतो. अठरा पेले प्यायलो हो एका सकाळी, हात लटलट कापायला लागले! आणि तो मजलिसीतला हुमैद, तो तर एकदा लावून थांबतच नाही, तीनदा ठोकतो, त्याला येताना बघून मी उभाच्या उभा आतल्या खोलीत पळालो. मौझा म्हणते, "लहान मुलासारखं काय करताय!" करतोय काय, नाक वाचवतोय!

आणि याचा परिणाम काय झाला असेल? गावात बोलणी सुरू. खल्फान कोणाला नाक देत नाही. खल्फान तोंड झाकून बसतो. खल्फानचं संपत आलं! …ही आवई फिरत फिरत गेली कोणाच्या कानावर? मुसब्बहच्या!

मुसब्बह म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. चार घरं सोडून राहतो, आणि नऊ वर्षं आमचा अबोला. का, तर एका हमूर माशापायी! नऊ वर्षांपूर्वी मी एक हमूर आणली होती, अशी दोन हातांत मावेना, सगळी मजलिस जेवली, बोटं चाटली, आणि हा मुसब्बह काटे बाजूला ठेवून चारचौघांत म्हणतो, "खल्फान, ही तू पकडलेली नाहीस. ही बाजारातली आहे." नाखव्याला! त्याच्याच घरात! मी म्हटलं, पुन्हा या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस. आता तुमच्यापासून काय लपवायचं, आणली होती बाजारातून. पण म्हणून बोलायचं? एकदा शब्द गेला तो गेला. रस्त्यात समोर आला तर तो तिकडे बघतो, मी इकडे. तुम्हाला खरं सांगू? दर ईदला मी कॉफी जरा जास्तच करून ठेवत होतो. येईल म्हणून. नाही आला.

आणि यायचं म्हणजे काय, रीत तुम्हाला ठाऊक आहे. धाकट्याने जायचं, थोरल्याच्या नाकाचा मुका घ्यायचा, विषय संपला. मीच जायला हवं होतं. नऊ वर्षं उद्या जाऊ, उद्या जाऊ करत बसलो…

तर बारावा दिवस, शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजानंतरची मजलिस, गच्च भरलेली. दारात सावली पडली. बघतो तर मुसब्बह! पंचाहत्तरीचा माणूस, काठी टेकत, धुतलेला कंदुरा घालून आलेला. तो सरळ माझ्यासमोर आला, काठी भिंतीला टेकवली, म्हणाला, "खल्फान," आणि दोन्ही हातांनी माझे खांदे धरले, आणि थोरला असून, अहो थोरला असून, तो वाकला! नाक पुढे! माझ्यासाठी!

आणि मी? मी मागे सरलो. सरलो म्हणजे काय, उडालोच! हात आडवा घातला तोंडावर! अंगात भिनलं होतं हो बारा दिवसांत, नाक दिसलं की मागे! त्याचं नाक तसंच हवेत राहिलं. भरल्या मजलिसीत. हुमैद 'या अल्लाह' असं पुटपुटला, आणि मुसब्बह हळूच सरळ झाला, काठी घेतली आणि दाराकडे निघाला. दारात चप्पल घालतोय आणि पाय चपलेत जाईना त्याचा. आता हा गेला की गेला. पुढच्या खेपेला एक तर तो माझ्या जनाज्याला येईल, नाही तर मी त्याच्या.

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? एकीकडे भाऊ जातोय, दुसरीकडे सगळी मजलिस डोळे फाडून बघतेय, पुढच्या सात पिढ्यांना सोंडवाले म्हणतील… म्हटलं, जाऊ दे! गेली ती अब्रू खड्ड्यात! "दादा, थांब!" म्हणून ओरडलो आणि गुत्रा ओढून फेकून दिला.

कोणाच्या तरी हातातला पेला पडला. मुसब्बह वळला, जवळ आला, मोतीबिंदूवाल्या डोळ्यांनी माझ्या तोंडासमोर तोंड आणून, वरून खाली, खालून वर, नीट बघितलं. म्हणतो, "हे काय रे?" म्हटलं, "कपाळ आहे. नाकावर आलंय. कॅन्सर काढला. बावीस दिवस हात लावायचा नाही म्हणून मागे सरलो, दादा, आणखी काही नाही." म्हणाला, "आणि सर्दी?" म्हटलं, "खोटं." म्हणाला, "आणि हमूर?" सगळी मजलिस पुढे वाकली. म्हटलं, "बाजारातली."

आणि तो हसायला लागला! काठीवर रेलून, दात नसलेलं तोंड उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! मग तिथेच माझ्या शेजारी बसला, काठी आडवी धरली आणि गरजला, "दहा दिवस! याच्या नाकाजवळ जो येईल त्याच्या नडगीवर काठी बसेल!" आणि खरोखर बसला हो, रोज, सकाळपासून. हुमैदला दोनदा पडली.

मला काय वाटलं सांगू? म्हटलं, पडू दे सोंडवाला नाव. एकदा पूल कापू दे, जखम भरू दे, मग भरल्या मजलिसीत दादाच्या नाकाला नाक लावीन आणि नऊ वर्षं धुऊन टाकीन. एकेक दिवस मोजला.

बाविसाव्या दिवशी पूल कापला. उरलेला तुकडा परत भुवईला शिवला. आणि नाक? झकास! मौझा म्हणाली, आधीपेक्षा बरं आहे. पुढे दोन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, "लावा आता कोणाला लावायचं ते." मी दार उघडून निघतोय तर मागून म्हणते, "संवेदनेच्या नसा कापल्यात हं, हाजी, जरा बधिर वाटेल." म्हटलं वाटू दे!

शुक्रवार. मजलिस गच्च. मुसब्बह उभा राहिला, मी उभा राहिलो. म्हटलं, आता मी धाकटा, मीच लावणार, तर तो म्हणाला, "नाही, तू हलू नकोस, जखम कोवळी आहे, मीच लावतो." मी डोळे मिटले. ऊर भरून आला. वाट बघतोय… वाट बघतोय… कोणीतरी हुंदका दिला. मौझा पडद्याआड रडतेय ते ऐकू आलं. मी आपला उभा. शेवटी राहवेना, म्हटलं, "दादा, लाव ना आता, किती ताटकळत ठेवशील?"

तर लांबून, बसल्या जागेवरून आवाज आला, "अरे, लावून बसलोसुद्धा मी. दोनदा लावलं!"

म्हणजे नऊ वर्षं ज्याच्यासाठी थांबलो ते झालं, सगळ्या गावाने बघितलं, हुमैद रडला, आणि ज्याचं नाक त्यालाच पत्ता नाही! तडक फोन केला डॉक्टरीणबाईला. म्हटलं, कधी कळायला लागेल? "येईल हो हळूहळू. वर्षभर लागेल. वर्षाने पुन्हा लावून घ्या भावाकडून, सोपं आहे!"

सोपं! वर्षभर त्या माणसाशी भांडायचं नाही! रोज येतो हो आता. कालच म्हणाला, तुझ्या कॉफीत वेलची फार. परवा म्हणाला, हारिबचं लग्न तू चुकीच्या घरात केलंस. आज म्हणतोय, तुझ्या मजलिसीचं दारच उलट्या दिशेला आहे. आणि मी दात आवळून म्हणतोय, "हो दादा… बरोबर आहे दादा…" अजून अकरा महिने आहेत. खरं सांगतो तुम्हाला, अबोल्याची नऊ वर्षं सोपी होती हो!