देवरामचं मशीन आणि चंदाची झोळी

नाय, मी म्हणते, मुंबईला नोकरी करणाऱ्या माणसानं घरी यावं तेव्हा आणावं तरी काय? बायकोला लुगडं आणावं, पोराला टोपडं आणावं, शेजारणीला म्हणून मूठभर का होईना खजूर आणावा... आमच्या शेजारच्या देवरामनं काय आणलं, तर दंड आणि पाठ मजबूत करायचं मशीन. आता मजबूत करायला आधी दंड असावे लागतात ना? देवराम म्हणजे सदरा वाळत घातलेला बांबू. पण तो ज्या पारशी शेठच्या बंगल्यावर कामाला, त्या शेठनं आपलं जुनं मशीन काढून टाकलं आणि म्हणाला, "ले जा रे देवराम, बॉडी बनाव." झालं, ती बॉडी आसनगावला आगगाडीतून उतरली, मंगळूच्या बैलगाडीत चढली आणि आमच्या शेणव्याला आली, मागनं निम्मा गाव. त्यात मी पुढं होते, ते आपलं वाटेतच होते म्हणून. मी कुणाच्या घरात नाक खुपसणारी बाई नाय.

मशीन म्हणजे तरी काय, तुम्हाला सांगते. दोन लोखंडी कप्प्या, विहिरीवर असतात तशा, पण गुळगुळीत. त्यातून दोन दोर. दोरांच्या या टोकाला लाकडी मुठी, त्या टोकाला वजनं. मुठी धरून खेचायचं की वजनं वर, सैल सोडलं की खाली. संपलं मशीन. आमच्या बायका विहिरीवर रोज हेच करतात, फक्त त्यात पाणी येतं. वजनं शेठनं लढाईसाठी गोळा होणाऱ्या भंगारात देऊन टाकलेली, म्हणून देवरामनं कप्प्या घराच्या तुळईला ठोकल्या आणि वजनांच्या जागी भाताचं पोतं बांधलं. सुट्टी होती तोवर रोज पहाटे आपलं "हूंऽऽ... हूंऽऽ..." दोन घरांत भिंत म्हणून कूड एकच, तोही कारवीच्या काड्यांचा, त्याचं हूं माझ्या उशाशी. आमचे हे झोपेत म्हणतात, "म्हैस अडलीय का गो त्यांची?" म्हटलं, नाय, देवराम पैलवान होतोय, झोपा तुमी.

सुट्टी संपली, देवराम गेला मुंबईला, होता तसाच गेला, आणि मशीन राहिलं त्याच्या बायकोच्या गळ्यात. ती चंदा मुरबाडची. बाजारपेठेत वाढलेली पोर, डोकं चालवल्याशिवाय राहायची नाय. तिनं पोतं सोडलं आणि दोन्ही दोरांना मिळून बांधली पोराची झोळी. पोराची! मुठी अडकवल्या मेढीच्या, म्हणजे मधल्या खांबाच्या, खुंटीला. मी बघितलं आणि पुढं झाले. म्हटलं, "चंदा, माणसाचं लेकरू ते, भाताचं पोतं नाय." तर म्हणते, "काकी, पोत्यानं दोर तुटला नाय, हा एवढासा काय तोडतोय? आणि झोळी हवी तेवढी उंच ठेवता येते. मांजर पोचत नाय, कोंबडी पोचत नाय, कुणी म्हणजे कुणीच पोचत नाय." हे 'कुणीच' बोलताना तिनं माझ्याकडं का बघितलं, ते मी विचारलं नाय. मी कुणाच्या घरात नाक खुपसणारी बाई नाय.

तर त्या दिवशी चंदा धुणं घेऊन ओढ्यावर निघाली. म्हणाली, "काकी, आत्ताच झोपलाय, तेवढं लक्ष ठेवा. मुठींना मात्र हात लावू नका." आता सांगा, हे बोलायची गरज होती का? माझ्या मनात तरी होतं का? तिनं म्हटलं तेव्हा आलं. मी बसले जात्यापाशी, पोराकडं बघितलं, मग मुठींकडं बघितलं, मग उगीच दाराकडं बघितलं... काय लाकूड होतं हो, शेठच्या हातानं चमकून निघालेलं. म्हटलं, काढायच्या नायत, नुसत्या हातात धरायच्या. आता धरायच्या तर खुंटीवरनं काढायला लागणारच ना?

काढल्या. आणि झोळी निघाली खाली, धोंडा निघावा तशी. माझा तर जीवच गेला. मी डोळे मिटले आणि दोन्ही मुठी छातीशी धरून जी मागं मागं धावले ती पाठ कुडाला टेकली तेव्हा थांबले. डोळे उघडते तर खाली झोळी नाय. बघते तर वर, पार कौलांपाशी, आणि झोळीचं फडकं अडकलंय वाशाच्या खुंटाला. म्हटलं, हळूहळू सैल सोडावं, येईल खाली. जरा सैल सोडलं तर अडकलेली बाजू वरच राहिली, दुसरी आली खाली, झोळी कलंडली आणि त्यातनं एक पाय बाहेर आला. एवढासा पाय, तळव्याला काजळाची तीट. आणि बरोबर त्याच्या खाली... जातं. दगडाचं.

मी पुन्हा खेचलं. आता सैल सोडावं तर पोर पडतंय, खेचून धरावं तर हात तुटतायत, ओरडावं तर पोर जागं होऊन वळवळतंय. करू काय? उभी राहिले. कपाळावरचा घाम डोळ्यांत, आणि नेमकी तेव्हाच नाकाला खाज. मी गावदेवीला नारळ बोलले, खंडोबाला नारळ बोलले, मग आमच्या ह्यांना न विचारता कोंबडा बोलले, अंडी देणारी कोंबडी तेवढी ठेवली. ओढ्यावर धुण्याचं धप धप ऐकू येत होतं, म्हणजे चंदा काय इतक्यात येत नाय. मनात आलं, येईल तेव्हा तिला तोंड कुठलं दाखवू? तिचं एकुलतं पोर माझ्या या दोन मनगटांवर लटकलेलं.

आणि आलं कोण, तर गुणाबाई. हातात शेणीचा तुकडा, विस्तव न्यायला. गुणाबाईशी माझा शिमग्यापासून अबोला. कशावरनं, तर तिच्या सुनेनं माहेरी निरोप काय धाडला ते मी विहिरीवर सांगितलं. निरोप आपणहून माझ्या कानावर आला होता, मी कुणाच्या घरात नाक खुपसणारी बाई नाय. पण आमच्याकडं अबोला म्हणजे अबोला. जी आधी बोलेल ती हरली, मग विहिरीवर जन्मभर मान खाली. गुणाबाईनं मला तशी उभी बघितली, पाय फाकलेले, मुठी छातीशी, तोंड लाल, आणि चुलीपाशी मांजर बसलं होतं त्याला म्हणाली, "मने, बघ गो, म्हाताऱ्या घोडीला पैलवानकी सुचलीय."

मी चुलीकडं तोंड केलं. "चुलीबाई, कुणाला डोळे असतील तर वर बघावं. आणि हळू बोलावं."

गुणाबाईनं वर बघितलं. शेणी हातातनं गळली. कुजबुजत म्हणते, "मने, पोर त्यात हाय?"

"चुलीबाई, हाय म्हणावं. माळ्याची शिडी लावून कुणी फडकं सोडवलं तर उपकार होतील म्हणावं."

"मने, आणि मी फडकं सोडवलं, आणि हिनं दोर सोडला तर?"

"चुलीबाई, हात खांद्यातनं निघाले तरी सोडणार नाय म्हणावं."

गुणाबाईनं शिडी लावली. तुम्ही गुणाबाईला बघितलेलं नाय. ती ओसरी चढते तेव्हा ओसरी करकरते. ती एकेक पायरी चढतेय, शिडी कर्र... कर्र... करतेय, आणि मी दोन जीवांची काळजी करतेय, खरं सांगायचं तर तिची जरा कमी. वर पोचली, पाय आत ढकलला, फडकं सोडवलं, आणि सगळा भार आला माझ्या हातांवर. मग मी एक पाऊल पुढं, झोळी हातभर खाली, गुणाबाई एक पायरी खाली, पुन्हा मी एक पाऊल... झोळी कमरेइतकी खाली आली, मी खुंटीला मूठ लावायला हात वर केला, आणि घामानं दुसरी मूठ निसटली.

"सकू, धर गो!" गुणाबाई किंचाळली, आणि जात्यावर आडवी पडून तिनं झोळी पोटावर झेलली.

ती आधी बोलली. हे मी त्या तसल्या वेळीसुद्धा ध्यानात ठेवलं. ती आता म्हणते, मी मनीला हाक मारली. मनीचं नाव सकू कधीपासून?

पोरानं डोळे उघडले. आमी दोघी दगड. त्यानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, वर कौलांकडं बघितलं, आणि हिरड्या दाखवून हसलं. तेवढ्यात दारात चंदा, खांद्यावर ओलं धुणं. "काकी, मुठींना हात लावलात?" तर गुणाबाई, देव तिचं भलं करो, पडल्या पडल्या म्हणते, "झोका देत होतो गो आमी." मी जात्यापाशी बसले आणि रडले. चंदाला वाटलं, पोराच्या मायेनं.

इथं संपलं असतं तर बरं होतं. पण त्या पोराला चटक लागली. आता वर कौलांकडं बघून रडतं, झोळी तिथवर चढवून उतरवल्याशिवाय डोळाच मिटत नाय. चंदानं खेचून बघितलं, पार कौलांपर्यंत तिला झेपत नाय. देवरामची वाट बघावी तर त्याची सुट्टी दिवाळीला. मग रोज दुपारी एक मूठ माझ्या हातात, एक गुणाबाईच्या. झोळी वर निघाली की माझा जीव तोंडात येतो तो ती खाली येईपर्यंत तिथंच, आणि पोर वरनं खिदळतंय. परवा शहापूरला शिंप्याकडं चोळी टाकायला गेले. त्यानं दंडाला फीत लावली, पुन्हा लावली आणि म्हणतो, "सकूकाकी, चोळी तुमचीच ना? का यजमानांची बंडी शिवायचीय?" म्हटलं, माझीच आहे बाबा, शिव मुकाट्यानं... आणि बाह्या जरा ढिल्या ठेव, पोराचं वजन वाढतंय.