आधीचा फोटो

मंडळी, ऐका! पेटीवाले, सूर जरा खालीच धरा. आजचं आख्यान गोड लागायचं नाही.

प्रश्न एवढाच — दान घ्यायचं, तर घेणाऱ्यानं त्याआधी किती उघडं व्हावं? माना डोलवू नका, अजून मी काही म्हटलेलंच नाही!

तर एका शहरात अद्वैत कारखानीस नावाचे उद्योजक. भला माणूस! आधी त्यांनी साबण काढला — एक वडी घ्या, एक झाड लागेल. मग चहा — एक पुडा घ्या, एक गाय जगेल. झाड लागलं का? लागलं की, वेष्टनावर! तिसरी निघाली चप्पल. नाव 'पाऊलखूण'. एक जोड तुम्हाला, एक जोड अनवाणी मुलीला!

आता चला डोंगरात, सावरटोल्याच्या मुलींच्या वसतिगृहावर. अधीक्षिका मैनाबाई उईके. चाळीस मुली, त्यातल्या अकराजणींच्या पायात काही ना काही. पाणी झऱ्यावरून, वाट गोखरूच्या काट्यांची. गेल्याच महिन्यात एकीचा पाय सुजून टम्म झाला. मैनाबाईंनी तिला पाठीवर घालून दवाखाना गाठला. अशात 'पाऊलखूण'ची गाडी फाटकात शिरली, आत खोक्यांची थप्पी — बाईंना ते पुष्पक विमानच वाटलं!

मुली रांगेत उभ्या राहिल्या. कारखानीसांनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि त्यांचा चेहराच पडला. का? तर अकरा मुलींच्या पायात चपला! केवढा हा अपराध! बाईंना बाजूला घेऊन ते म्हणाले — अगदी नम्रपणे हो — की तेवढ्या चपला दोन मिनिटं काढून ठेवता आल्या तर बरं.

बाईंनी काय करावं? तुम्ही काय केलं असतं? त्यांना सुजलेला पाय आठवला. त्यांनी हुकूम सोडला. दहाजणींनी चपला काढल्या. अकरावी सुरजा कुमरे, वय वर्षं नऊ, तशीच उभी. तिच्या चपला बापानं वीटभट्टीवरून आल्यावर जुना टायर कापून शिवलेल्या.

"काढ सुरजे," बाई म्हणाल्या.

"चपला तं देवापुढं काढतेत ना, मॅडम?" पोरीनं इकडंतिकडं पाहिलं. "इथं कोनता देव हाय?"

बाईंची मान खाली गेली. वर आली तेव्हा ती कारखानीसांकडं वळली होती.

"साहेब, आधी वाटा. मग हवे तेवढे फोटो काढा."

"आधीचा फोटोच नसेल," ते समजावू लागले, "तर नंतरच्या फोटोला अर्थ काय, मॅडम?"

"मग बूट तुम्ही काढा. झऱ्यापर्यंत जाऊन या. आधीचा फोटो तुमचा घेऊ."

गेले का? गेले — गाडीत बसून! खोक्यांसकट!

आता देव प्रकटला, आभाळातून चपलांची वृष्टी झाली, असं सांगता आलं असतं. तबलजी तर हात उचलून बसलेत! नाही झाली, महाराज. संध्याकाळी पोरी पाणी घेऊन आल्या, आणि मैनाबाई ओट्यावर सुई घेऊन बसल्या. एकेक पाय मांडीवर घ्यायचा, काटा काढायचा. आणि दर पायाशी मनात तेच — माझ्या तोऱ्यापायी ह्या पोरींचे पाय?

दुसऱ्या दिवशी बघतात, तर सुरजाच्या चपला भलतीच्याच पायात! जी पाण्याला जाईल तिनं घालायच्या, असं पोरींनी आपसात ठरवून टाकलेलं. अकरा जोड, अकरा-अकराजणींची खेप. दान झालं, मंडळी! फोटो कुणी काढला? कुणीच नाही!

कारखानीसांना दुसरं गाव मिळालं. शहरभर फलकांवर भेगाळलेले तळवे झळकले, आणि जोड धडाधड खपले. त्या माणसावर माझा राग आहेच. पण त्यानं पोरींना अनवाणी केलं ते कुणासाठी? तुमच्यासाठी! भेग दिसल्याशिवाय तुम्हाला पाझर फुटत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक! कोणता देव, असं सुरजानं विचारलं होतं ना? तुम्हीच तो! गिऱ्हाईकदेव!

येताना दारातली चपलांची रास पाहिली मी. 'पाऊलखूण' बरीच आहे. त्यातला एक जोड माझा.

आरती थांबेल थोडी. आधी बाहेर जाऊ, आपापला जोड पायात घालू — बघू तरी, कुठं टोचतोय का.