पेटीच्या आतली वाट

निधी : जलजक्का, तुझ्या घरातलं वायफाय अगदीच मरतुकडं आहे गं.

जलजा : अप्पय्यांच्या खुर्चीत बस रे, खिडकीपाशी. तिथे बरं येतं.

निधी : आत्ता अकरा वाजलेत. रात्री आठला कुंदापूरहून माझी बंगळूरची बस. अप्पय्यांनी रेकॉर्ड करून ठेवलेली सगळी यक्षगान-नाटकं वायफायला जोडलेल्या या डिस्कच्या पेटीतल्या ‘मेळा’ फोल्डरमधून ‘दान’मध्ये टाकायची, एवढंच काम आहे. बंगळूरच्या त्या यक्षगान संस्थेला तिथून ‘दान’ तेवढंच दिसतं. आज रात्री ते उतरवून घेतील, रविवारी समारंभ.

जलजा : म्हणजे याच पेटीतून याच पेटीत.

निधी : हो.

जलजा : पेटीवर अप्पय्यांची वही आहे. कसं करायचं ते लिहिलंय त्यांनी. देऊ?

निधी : अक्का, बावीस वर्षं कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे मी. साठ माणसं हाताखाली आहेत. आता वडिलांची वही वाचून फायली हलवू?

जलजा : नको तर नको. मी विचारलं होतं, एवढं लक्षात ठेव.

निधी : हे बघ, इथून उचललं, तिथे सोडलं. संपलं काम. आता... हं.

जलजा : काय झालं?

निधी : एकोणतीस तास दाखवतंय.

जलजा : अकराशे रात्री आहेत त्या. चाळीस वर्षं गावोगाव यक्षगानाच्या मेळ्यामागे फिरून रेकॉर्डरवर धरल्या त्यांनी. एकोणतीस तास म्हणजे स्वस्तात सुटलास.

निधी : सुरुवातीला जास्तच दाखवतं. कमी होईल.

जलजा : होईल की. बस तू. नाहीतरी कधी बसतोस इथे?

निधी : झाली सुरुवात.

जलजा : मी कुठे काय म्हटलं? त्या खुर्चीतून फाटक दिसतं का रे?

निधी : दिसतं. का?

जलजा : काही नाही. अप्पय्या म्हणायचे नीट दिसतं, म्हणून विचारलं.

निधी : अक्का, त्या वेळी खरंच रजा मिळत नव्हती.

जलजा : मी रजेचं विचारलंच नाही. किती झालं तुझं?

निधी : अठ्ठावीस तास.

जलजा : मग चहा ठेवते.

निधी : माझ्या ऑफिसातला एखादा पोरगा असता ना, त्याला सांगून मोकळा झालो असतो.

जलजा : मग कर की फोन. आज शुक्रवार, ऑफिस चालू असेल.

निधी : एवढ्याशा गोष्टीला? वर्षभर हसतील मला.

जलजा : तेही खरंच. साहेबाने विचारू नये. चल, आधी जेवून घे. उकडा भात आहे, ताकातली तंबुळी आहे, कोवळ्या कैऱ्यांचं मिडीचं लोणचं आहे. आणि ते आवर, तंबुळी सांडेल त्यावर.

निधी : हं, मिटून ठेवतो. लोणचं मागच्या वर्षीचं?

जलजा : अप्पय्यांनी घातलेलं. शेवटची बरणी. वाढू अजून?

निधी : वाढ. अक्का, तू येतेस ना रविवारी? पहिल्या रांगेत बसवतो तुला.

जलजा : पत्रिका आली मोबाईलवर. ‘दुर्मीळ यक्षगान संग्रहाचे दाते श्री. श्रीनिधी हंदे यांचा फेटा बांधून सत्कार.’ चष्मा लावून दोनदा वाचली. अप्पय्यांचं नाव सापडेना. मग खाली दिसलं, चहापानाच्या वेळेच्या वरती.

निधी : ते छापणाऱ्याने केलं.

जलजा : आणि छापणाऱ्याला मजकूर कुणी दिला?

निधी : ताक दे.

जलजा : घे. तू कधी एक तरी खेळ पुरता पाहिलास का रे निधी? चंडे ढोल वाजायला लागले की तू झोपायचास. अप्पय्या एका हाताने तुझ्यावर पंचा घालायचे, दुसऱ्या हातात माईक.

निधी : म्हणूनच तर म्हणतोय, जतन व्हायला हवं. हात धुतो आणि बघतो किती झालं... अरे देवा.

जलजा : आता काय?

निधी : बंद पडलंय. झाकण लावल्याबरोबर लॅपटॉप झोपला. पाऊण तास काहीच हललं नाही.

जलजा : झोपायची सवय आहे खरी.

निधी : तूच म्हणालीस मिटून ठेव.

जलजा : मी म्हटलं आवर. मिटलंस तू. बावीस वर्षं कॉम्प्युटरच्या कंपनीत कोण आहे, तू की मी?

निधी : पुन्हा लावतो. पंचवीस तास.

जलजा : बस मग. फाटकावर लक्ष ठेव, तीनला पोस्टमन येतो.

(संध्याकाळचे साडेसहा. निधी अजून त्याच खुर्चीत.)

निधी : नाही होत अक्का. आत्ता कुठे पाव हिस्सा झालाय. उद्या सकाळी ऑफिसची मोठी मीटिंग आहे, ती चुकवता येणार नाही, आणि लॅपटॉपही न्यावा लागेल.

जलजा : मग?

निधी : थांबवतो हे. संस्थेला फोन करतो... नमस्कार, हंदे बोलतोय. नाही, तांत्रिक अडचण आहे, फार मोठी. रविवारपर्यंत शक्य नाही. हो, माझा सत्कार रद्दच करा. मलाही वाईट वाटतंय.

जलजा : झाला रद्द?

निधी : झाला. त्या वेळेत दुसऱ्या कुणाचं व्याख्यान ठेवतायत.

जलजा : सरक जरा. लॅपटॉप दे.

निधी : काय करतेस?

जलजा : पेटीचं स्वतःचं पान उघडते. हा परवलीचा शब्द. इथे ‘मेळा’. सगळं निवडलं. ‘हलवा’ म्हटलं, ‘दान’ म्हटलं. बघ आता.

निधी : सगळं आलंय. अकराशेच्या अकराशे. कसं काय?

जलजा : तू बाहेरून ओढत होतास. एकेक फाईल पेटीतून निघून हवेतून तुझ्या मांडीवर यायची, आणि तिथून परत पेटीत. फळीवरचा डबा खालच्या फळीवर ठेवायला कुंदापूरला फिरवून आणावा, तसं. पेटीला आतून सांगितलं की ती काही उचलत नाही, नुसती पाटी बदलते. दोन्ही फोल्डर एकाच कप्प्यात आहेत म्हणून. अप्पय्यांनी मुद्दाम तसे ठेवलेत.

निधी : तुला हे सकाळपासून माहीत होतं?

जलजा : गेल्या वर्षापासून.

निधी : साडेसात तास बसवलंस मला इथे. मजा बघत होतीस?

जलजा : हो. बरं वाटलं बघून. अप्पय्या याच खुर्चीत शेवटचे एकोणीस दिवस बसले होते. रिक्षा वाजली की मान वळायची. मी सांगायची, शुक्रवारी येतो म्हणालाय. तीन शुक्रवार गेले. तू बाराव्याला आलास आणि संध्याकाळच्या विमानाने गेलास.

निधी : आणि माझा कार्यक्रम घालवलास.

जलजा : तुझा फेटा गेला. यक्षगानं रात्री पोचतील, खाली अप्पय्यांचं नाव असेल. संस्थेशी मी बोलते.

निधी : मी अजून फोन करू शकतो त्यांना.

जलजा : करू शकतोस. फोन तेव्हाही होता तुझ्याकडे.

निधी : ती वही दे.

जलजा : घे. शेवटून तिसरं पान.

निधी : ‘निधी आला तर त्याला म्हणावं, पेटीच्या आत जाऊन काम कर. बाहेरून केलंस तर अख्खा दिवस जाईल. त्याला वेळ नसतो. जलजा, त्याला बसवून ठेवू नकोस.’ अक्का, ही तारीख...

जलजा : त्यांच्या शेवटच्या आठवड्यातली. अक्षर बघ कसं थरथरलंय.

निधी : आणि तू हे वाचलं होतंस.

जलजा : आजारपणात त्यांचं सगळं ऐकलं मी. खिडकी उघड म्हटलं, उघडली. लाव म्हटलं, लावली. हे एवढं एक नाही ऐकलं.