हॉलच्या कपबशा धुणार कोण?

सभेचे अध्यक्ष आणि आपल्या हॉल-समितीचे प्रमुख श्री. ग्रॅहम टिपेट, कौन्सिलच्या वतीने आलेल्या श्रीमती हार्टविग, फादर डॉमिनिक, ज्यांच्या भूमीवर आपण जमलो आहोत ते तिचे मूळ आदिवासी रखवालदार, आजच्या सत्कारमूर्ती आणि माझी मैत्रीण डल्सी प्राउस, तिला न्यायला जीलाँग शहरातून आलेली तिची लेक लिनेट, आणि कुरालूपच्या माझ्या बंधुभगिनींनो. दाराशी घुटमळणाऱ्यांनो, पुढे या. पुढच्या रांगा रिकाम्या आहेत. मागे बसायची खोड चर्चमधून लागते, पण इथे दानपेटी फिरवणार नाही.

मी नोरीन फोगार्टी. गावात नव्याने आलेल्यांसाठी सांगते, इथल्या इस्पितळाची मी मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका होते, ते बंद पडेपर्यंत. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी गाव मला मेट्रनच म्हणतं. बोलायला उठण्याआधी अध्यक्षांनी कानात सांगितलं, "मेट्रन, थोडक्यात आवरा, आणि जरा गोड बोला." दोन्ही मला जमणार नाही. ग्रॅहम, तुझे टॉन्सिल काढले तेव्हाही तू मला असाच सल्ला देत होतास.

तर डल्सी. हिच्याबद्दल काय सांगायचं? या हॉलमध्ये ज्याने म्हणून चहा प्यायला, त्याने हिच्या हातचा धुतलेला कप ओठाला लावला आहे. लग्न असो, मयत असो, शेतकऱ्यांची सभा असो, नाहीतर सुगीनंतरचा नाच असो. मागच्या स्वयंपाकघरातलं ते दगडी सिंक, हिरव्या काठाच्या कपबशा, कोपऱ्यातला पाण्याचा बंब, आणि बाह्या वर करून उभी असलेली ही. गावाचं चित्र काढायला मला कुणी सांगितलं, तर मी गव्हाचं कोठार काढणार नाही, हे काढीन.

मी इथे आले तेव्हा कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून निघून नर्स झालेली एक आखडू पोरगी होते. आमच्या सिस्टर कोलंबा जेवण झालं की प्रत्येकीला स्वतःची थाळी धुवायला लावत आणि उलटी करून बघत. म्हणत, "देवाला सगळं दिसतं. मला फक्त थाळीची खालची बाजू दिसते. पण तेवढी पुरते." असल्या शाळेतून आलेली मी, पहिल्याच नाचाच्या रात्री हॉलच्या स्वयंपाकघरात डोकावले. तिथे ही, पक्की मेथडिस्ट पंथाची. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "फडकं घे, बघत काय उभी राहिलीस? कॅथलिकांना कप पुसता येतात ना?"

मी म्हटलं, "येतात. मेथडिस्टांनी नीट धुतलेले असले तर."

तिने हातातला कप उलटा करून माझ्यापुढे धरला. खालची बाजू लखलखीत. ती धुवायची, मी पुसायची, असं आमचं त्या रात्री ठरलं ते आजतागायत.

तेव्हा आम्ही कसं राहायचो, आठवतं का कुणाला? साबणाचे झिजलेले तुकडे फेकायचे नाहीत, तारेच्या जाळीच्या डबीत घालायचे आणि ती डबी पाण्यात खळखळवायची, की फेस. फडकी म्हणजे पिठाच्या पोत्यांची, धुऊन धुऊन मऊ झालेली, काहींवर गिरणीचं नाव अजून वाचता यायचं. दुधाच्या भांड्यांवर मण्यांची झालर लावलेली विणलेली झाकणं. जॅमच्या बाटल्या तर इतक्या घरांतून फिरत की जर्दाळूचा जॅम कुणाचा आणि बाटली कुणाची, यावर भांडणं होत. सॅंडविचचं ताट आणलं की त्याच्या बुडाला चिकटपट्टीवर आपलं आडनाव लिहायचं, म्हणजे ताट घरी परत येतं. माझ्याकडे अजून एक ताट आहे, त्यावर लिहिलंय 'केली'. गावात केली नावाची घरं इतकी होती की मी ते कुणालाच देऊ शकले नाही. आणि भांडी धुतलेलं पाणी? मोरीत नाही. बादलीत, आणि बादली मागच्या मिरीच्या झाडाला. त्या झाडाखाली आज तुमच्या गाड्या उभ्या आहेत, म्हणून सांगते.

याला तेव्हा कुणी पर्यावरण म्हणत नव्हतं. कंजूषपणा म्हणत. शहरातून आलेले पाहुणे हसायचे. आता त्याच शहरातून माणसं येतात, पडद्यावर चित्रं दाखवतात आणि आम्हाला शिकवतात की वस्तू पुन्हापुन्हा वापराव्यात. अहो, श्रीमती हार्टविग, आपण पाहुण्या आहात, आपल्याला बोलत नाही. पण मागच्या महिन्यात आलेला तो तरुण मला विचारत होता, "आजी, तुम्ही काचेची बरणी दुसऱ्यांदा वापरण्याचा विचार केला आहे का?" मी म्हटलं, "बाळा, तुझ्या वडिलांच्या जन्माआधीपासूनची बरणी आहे ती. तीच आता माझा विचार करते."

हसून झालं? मग आता तो दुष्काळ आठवा. सांगायला मला जड जातं, पण डल्सीबद्दल बोलायचं तर त्याला वगळून चालणार नाही.

माझा नवरा केव्ह गेला तो त्या उन्हाळ्यात. हॉलच्या टाकीवर बोटं वाजवली तर तळापर्यंत पोकळ आवाज येत होता. पिण्याचं पाणी टँकरने येत होतं. दफनानंतर चहा द्यायचा, गाव मोठं, केव्हला ओळखणारी माणसं फार, आणि कपबशा धुवायला पाणी नाही. दुकानदार भला माणूस, त्याने थर्मोकोलचे कप फुकट देऊ केले. मी हो म्हणणार होते. त्या दिवशी मी कशालाही हो म्हटलं असतं.

डल्सी म्हणाली, "केव्हला थर्मोकोलमधून निरोप? चाळीस वर्षं त्या माणसाने एक खिळा वाकडा म्हणून टाकला नाही, ठोकून सरळ केला. तू घरी जा, पड जरा. मी बघते."

तिने काय केलं, तर घरोघरी फोन केला: येताना आपापला कप घेऊन या आणि जाताना खरकटाच घेऊन जा.

दफनभूमीवरून आम्ही इकडे आलो. मी या दारातून आत आले आणि बघते तर काय, अख्खं गाव काळ्या कपड्यांत, आणि प्रत्येकाच्या बोटाला एकेक कप लटकलेला! कुणाचा इनॅमलचा टवके उडालेला, कुणाचा राणीचं चित्र असलेला, शाळेच्या पोरांच्या हातात ससे आणि बदकं छापलेले. आणि मिक डूलन, देव त्याला शांती देवो, एकटा माणूस, घरात धड कप नाही, त्याने न्हाणीघरातला दात घासायचा पेला आणलेला. पहिला घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि मला म्हणाला, "मेट्रन, केव्हच्या नावाने आज दातही घासून झाले."

मी हसले. नवऱ्याला पुरून आलेली बाई, भर हॉलमध्ये, ठसका लागेपर्यंत हसले. मग जे रडू आलं ते आलंच. डल्सीने एक फडकं आणून हातात दिलं. पुसायला काही नव्हतं, तरी दिलं.

हे फडकं देणं ही तिची युक्ती होती, तुमच्या लक्षात आलं का कधी? जमीन विकून आलेला एक गृहस्थ, नाव घेत नाही, तो आत्ता इथे आहे आणि त्याची मान खाली आहे. तो महिना महिना कुणाशी बोलत नव्हता. बायको माझ्यापाशी येऊन रडायची. माझ्याकडे औषधं होती, डॉक्टरांचा फोन नंबर होता. डल्सीने एका सभेनंतर त्याला आत बोलावलं, "ए, उंच आहेस ना, वरच्या फळीवर बशा लाव, आणि लावायच्या आधी पूस." त्याने एकच बशी कितीतरी वेळ पुसली. मग बोलायला लागला. ही नुसती धूत राहिली. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर तो मेलेलं बरं म्हणत निघून गेला असता. शेजारी उभं राहून, दोघांची तोंडं भिंतीकडे, हात ओले, असं असलं की माणूस सांगतो. या गावातली किती बाळंतपणं, किती आजारपणं मला इस्पितळाच्या आधी त्या सिंकपाशी कळली आहेत!

आता, अध्यक्षमहोदय, मी आपल्याकडे येते. घड्याळाकडे बघू नका.

मंडळी, आपला हॉल 'पर्यावरणस्नेही' होणार आहे. अनुदान मंजूर झालं आहे. चांगली गोष्ट आहे, छतावर वीज करणारी सूर्याची तावदानं बसणार, त्याला माझा पाठिंबा आहे. पण योजनेत आणखी काय आहे? मागचं स्वयंपाकघर काढायचं. सिंक उखडायचं. तिथे एक दालन करायचं, 'डल्सी प्राउस दालन', साध्या राहणीबद्दल माहिती देणारं. भिंतीवर सिंकपाशी उभ्या असलेल्या डल्सीचा फोटो. काचेच्या पेटीत आपल्या सहा कपबशा. आणि बाकीच्या? गुरुवारी कचऱ्याची मोठी लोखंडी पेटी येणार आहे, तिच्यात. यापुढे चहा एकदा वापरून टाकायच्या कपांतून, त्यांवर हिरवं पान छापलेलं आहे. ते म्हणे कुजतात. कुठे कुजतात? शहरातल्या एका कारखान्यात, तिथे नेले तर. नेणार कोण? आपल्या कचऱ्याच्या खड्ड्यातून ते वाऱ्याने उडणार आणि शेजारच्या बार्बराच्या मेंढ्यांच्या कुंपणाला लटकणार.

बाईच्या नावाने दालन, आणि त्यासाठी बाईचं सिंक उखडायचं! मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा पाहिला आहे, निम्मा आरोग्य खात्यात पाहिला, पण त्याला कुणी रिबीन बांधून दिली नव्हती.

मी ग्रॅहमच्या घरी गेले. भांडायलाच गेले. त्याने शांतपणे मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "मेट्रन, तुमचं सगळं खरं. पण डल्सी जाणार. तुमच्या हाताची बोटं आखडलेली. धुण्याच्या पाळीच्या यादीत तुम्ही दोघी सोडून कुणी नाव दिलं का इतक्या वर्षांत? मग मला एवढंच सांगा. धुणार कोण?"

भांडण तिथेच टाकून मी उठले. त्या मुलाचं चुकलेलं नाही, मंडळी. त्याने फक्त आपल्या सगळ्यांकडे बघून हिशेब केला.

आणि डल्सी? तिला त्याने दालनाचा नकाशा दाखवला तेव्हा ती म्हणाली, "छान आहे हो, ग्रॅहम." ती कुणालाच कधी वाईट बोलत नाही, ते काम तिने माझ्याकडे सोपवलेलं आहे. परवा आम्ही दोघी आत कपाट आवरत होतो. तिची कंबर गेली आहे, डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून तर लेक न्यायला आली. लिनेट, तू गुणाची मुलगी आहेस, हे तुला उद्देशून नाही. डल्सी म्हणाली, "लिनेटकडे भांडी धुवायचं यंत्र आहे. कप आत ठेवायचे आणि दार लावायचं. मग बोलायचं कुणाशी, नोरीन?" आणि कपाटाचं दार लावत म्हणाली, "मला ते दालन नको गं. कपबशा वापरात राहिल्या तर बरं वाटलं असतं."

एवढंच मागणं आहे या बाईचं. ज्या गावाला तिने सगळं आयुष्य दिलं, त्याच्याकडे तिने आजवर दुसरं काही मागितलेलं नाही.

म्हणून मी एक केलं आहे, अध्यक्षांना न विचारता. आजचा चहा हिरव्या काठाच्या कपबशांतून मिळेल. पान छापलेल्या कपांची खोकी कोठीत सुरक्षित आहेत. कोठीची किल्ली सापडत नाही, असं ऐकते. आणि आज धुवायची पाळी कुणाचीही लावलेली नाही. चहा झाला की कप टेबलावर ठेवून घरी जायला सगळे मोकळे आहेत. कुणी काही म्हणणार नाही. फक्त डल्सी उठेल. खरकटं मागे ठेवून ती या हॉलमधून कधी बाहेर पडलेली नाही. निरोपाच्या दिवशी, छातीवर फुलं लावून, कंबर धरून ती नळ सोडेल.

ती उठली, तर ग्रॅहम बरोबर होता. गुरुवारी कपबशा त्या पेटीत मी माझ्या हातांनी टाकीन आणि तोंडातून शब्द काढणार नाही. पण तिला उठावं लागलं नाही, आणि शेवटचा कप पुसून कपाटात गेला, तर सिंक राहील, कपबशा राहतील आणि ती पेटी रद्द. अध्यक्षमहोदय, मंजूर? नुसती मान हलवू नका, माइक तुमच्याही पुढे आहे.

ऐकलंत? 'मंजूर' म्हणाले. श्रीमती हार्टविग, आपण साक्षीला आहात.

मला बोलू दिल्याबद्दल समितीची, आणि थांबवायचा प्रयत्न फक्त दोनदा केल्याबद्दल ग्रॅहमची मी आभारी आहे. लॅमिंग्टनचे केक आणि स्कोनचे गोड पाव करून आणणाऱ्या सगळ्या घरांचे, बंब भरून ठेवणाऱ्या फादर डॉमिनिकांचे, आणि आपलं लाडकं माणूस आम्हाला इतकी वर्षं वापरू देणाऱ्या लिनेटचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. ज्यांचं मुद्दाम दुखावलं त्यांनी मला उद्या सकाळी घरी येऊन भेटावं, चहा देईन.

पाणी उकळलं आहे. फडकी दाराच्या मागे, खुंटीला आहेत.

डल्सी, बैस. अगं, बैस म्हटलं ना! अजून कुणी चहाचा घोटसुद्धा घेतलेला नाही.